शेवटची ओळ बोलायची असते

प्रिय वहिनी,

आरंभीच एक गंभीर तक्रार दाखल करतो. तुमच्या पश्चात तुमच्या चिवड्यावर घोर अन्याय होत आहे. मोरीनने तो परवा करून आणला. डबा तुमचाच, निळ्या झाकणाचा. तांदळाच्या सीरियलचाच केलेला, तुम्ही करायचात तसा. शेंगदाणे आहेत, खोबऱ्याचे काप आहेत, आणि हिंगाच्या जागी दालचिनी आहे. दालचिनी, वहिनी! वर मला सांगते, "तुझ्या वहिनीनेच सांगितलं होतं, चिमूटभर ब्राऊन पावडर." आता एवढ्या ज्ञानावर जी व्यक्ती फोडणीला बसते तिला काय म्हणावं? मी यावर शास्त्रोक्त प्रायश्चित्त आठवून पाहिलं, पण एकही आठवेना. बहुधा या पातकाची कल्पनाच स्मृतिकारांना सुचली नसावी. निषेध म्हणून मी दोन वाट्या खाल्ला.

मायन्याचाही घोळ झालाच. "कै." लिहायला हात उठेना. "सौ." लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, "भाऊजी, डॉक्टर लिहा. डॉक्टर व्हायला परीक्षा द्याव्या लागल्या, सौ. व्हायला नुसतं तुमच्या भावाला हो म्हणावं लागलं." म्हणून नुसतं प्रिय. चालेल ना?

पण आज पत्राला बसलो त्याचं कारण चिवडा नाही. दादा व्हॅन विकायची म्हणत होता.

तुम्ही गेलात ऑक्टोबरात. नाताळच्या सुमारास त्याने व्हॅनच्या पुढच्या काचेत "फॉर सेल"चा पुठ्ठा लावला. मार्चचा दौरा आधीच ठरलेला होता, तेवढा करून देईन म्हणाला, मग संपलं. मार्च तोंडावर आला तेव्हा मोरीनने मला पेन्सिल्व्हेनियात फोन केला. म्हणाली, "सदा, गाडी काय, कुणाची तरी मिळेल. पण तुझा भाऊ आमच्याशी बोलत नाही. व्हॅन गेली की तो घराबाहेर पडणार नाही. तू चल आमच्याबरोबर." माझ्या कॉलेजला सुट्टी लागतच होती. संस्कृतचे माझे मोजके विद्यार्थी सुट्टी नसतानाही सुट्टीवरच असतात. मी आलो.

आणि म्हणून तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हालाच पत्र लिहितोय. परवा परत जायचंय. त्याआधी तुम्हाला सगळं सांगायला हवं.

खरं तर माझी जुनी तक्रारही आहे. तुम्ही गाता हे मला सगळ्यांत शेवटी कळवलंत! तुमच्या वॉर्डातली नर्स मोरीन, कुणा पोराला टाके घालताना तुम्ही ओवी गुणगुणत होतात ती ऐकते, विचारते ही चाल कुठली. तुम्ही सांगता जात्यावरची. ती म्हणते, आमच्याकडे लोणी घुसळताना अशीच एक म्हणतात. आणि पुढच्या शनिवारी तुम्ही तिच्या घरी, तिच्या त्या जुन्या गाण्यांच्या मंडळीत! ती स्वतः, दोघी बहिणी, आणि टॉम नावाचा पोस्टमन, ज्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांत पाचव्या तुम्ही, नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी, एडिसन, न्यू जर्सी. मंडळींचं आयरिश नाव दादाला कधी उच्चारता आलं नाही. तो नुसतं "आपली मंडळी" म्हणायचा. मला हे सगळं कळलं केव्हा? तुमचा पहिला दौरा झाल्यावर, आणि तेही दादाने व्हॅनला मायलेज किती मिळतं हे सांगताना!

मी तेव्हा तुम्हाला चिडवलं होतं. म्हटलं, "वहिनी, अर्थ न कळता पाठ केलेलं म्हणजे नुसतं ओझं वाहणं, असं आमचे पूर्वज सांगून गेलेत."

तुम्ही कणीक मळत होतात. वरही न बघता म्हणालात, "तुम्ही मुंजीनंतर रुद्र म्हणायचात तेव्हा अर्थ कळायचा का हो भाऊजी?"

"नाही."

"मग तुमचं ओझं पवित्र आणि माझं काय गोणपाट?"

अशा प्रश्नांना उत्तर देण्याची सोय न्यायशास्त्रात नाही. आणि खरं म्हणजे तुम्ही प्रत्येक गाण्याचा अर्थ मोरीनकडून शब्दन् शब्द समजून घेतला होतात. मलाही सांगितला होतात. मीच तुम्हाला कमी लेखलं, दुसरं काय.

एक मात्र कबूल करतो. त्यांची रीत मला लगेच ओळखीची वाटली. हातात कागद धरायचा नाही. बाजा नाही, पेटी नाही. जे यायचं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून. पाठशाळेत आमचे गुरुजी कागद बघून म्हणणाऱ्याच्या हातातून तो कागद काढून घ्यायचे आणि स्वतःच्या आसनाखाली ठेवायचे. मोरीनने तुमचाही कागद काढून घेतला होता म्हणे! तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुझे गुरुजी आयरिश असणार." गुरुजी ऐकते तर त्यांनी स्नान केलं असतं.

आणि ती दुसरी रीत, शेवटच्या ओळीची. मोरीनच्या गावाकडची. गाणं संपत आलं की शेवटचे शब्द गायचे नाहीत, साध्या आवाजात बोलून टाकायचे. तुम्ही मला समजावलं होतंत, "गाणारी गाण्यातून उतरते भाऊजी, आणि परत आपल्या घरातली होते." किती छान सांगितलंत! आणि मग त्याच रीतीने आपल्या महाराष्ट्र मंडळात तुमची जी अवस्था झाली!

आठवतंय ना? शाळेच्या हॉलमधला तो गणेशोत्सव. लेले काका तबला घेऊन तुमच्या शेजारी येऊनच बसले. तुम्ही सांगितलंत, काका, या गाण्याला ताल नसतो. काका म्हणाले, "ताल नसतो असं कसं होईल? अजून सापडला नसेल." आणि संबंध गाणंभर तो शोधत राहिले. कधी दादरा, कधी केरवा. बिचारा टॉम तुमचा हात हातात घेऊन त्यांच्या पद्धतीप्रमाणे हळूहळू गोल फिरवत होता, दोघींनी जात्याचा खुंटा धरावा तसा. लेले काकू शेवटच्या रांगेतून दाराकडे वळून दादाला विचारतात, "अहो, तो कोण त्यांचा हात धरून बसलाय?"

दादा म्हणाला, "टॉम. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याच्या."

काकूंचं पूर्ण समाधान झालं!

आणि शेवटी तुम्ही ती ओळ बोललात. गाणं एवढं वर चढलेलं, आणि तुम्ही अगदी घरात बोलल्यासारखं काहीतरी बोलून गप्प. हॉलमध्ये चिडीचूप. सगळ्यांना वाटलं तुम्ही चाल विसरलात. मग काकू उठल्या, म्हणाल्या, "घाबरू नका डॉक्टर! छान चाललं होतं! परत घ्या कडवं!" आणि अख्ख्या हॉलने, पोरांच्या गॅदरिंगला धीर द्यायला वाजवतो तशा टाळ्या वाजवल्या. तुम्ही लाल झालात. मोरीनला मात्र वाटलं, काय हे रसिक लोक! सगळ्यांना नारळ दिला तेव्हा तर ती रडायचीच बाकी होती. टॉमने तो नारळ मांडीवर घेऊन घरापर्यंत प्रवास केला. त्यात काय आहे हे विचारायचं धैर्य त्याला झालं नाही.

त्या दिवशी दादा मात्र हसला नाही. टाळ्या चालू असतानाच तो निघून गेला. तुम्ही मला म्हणालात, "त्याला गाण्यातलं काही कळत नाही हो, सप्टेंबर असला तरी सवयीने हीटर लावायला गेला." मी विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवला होतात का? आता विचारावंसं वाटतं.

कारण दादा या विषयात स्वतःबद्दल काय सांगायचा ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. "मी रिफायनरीतला माणूस. मला म्युझिकमधलं ओ की ठो कळत नाही. मी ड्रायव्हर." कार्यक्रम सुरू झाला की तो व्हॅनमध्ये पेपर वाचत बसायचा. अगदी शेवटच्या गाण्याला तेवढा मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा. ते गाणं संपलं की जाऊन व्हॅन चालू करायची, तुम्ही बाहेर येईपर्यंत आतली हवा गरम व्हायला हवी, घशाला गारठा लागता कामा नये. तुमच्या घशाची काळजी त्याने पाइपलाइनसारखी घेतली, वहिनी. कधी बोलून दाखवली असेल तर देव जाणे.

तर या वेळचा दौरा. मार्चात आयरिश लोकांचा मोठा सण येतो, म्हणजे या मंडळींचा भाद्रपदच. एरवी कुणी विचारत नाही, त्या महिन्यात चर्चच्या हॉलपासून फायर ब्रिगेडच्या हॉलपर्यंत सगळीकडून बोलावणं. मी पुढे, दादाच्या शेजारी, तुमच्या जागेवर बसलो. ती सीट मागे सरकवायची परवानगी मला मिळाली नाही. गुडघे पोटाशी घेऊन मी ओहायोपर्यंत गेलो. तुमची उंची तरी किती हो ती!

शेवटचं गाणं तुमचंच ठेवलं होतं. तेच, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याला हाक मारणाऱ्या बाईचं. कडवी मोरीन म्हणणार हे ठरलं होतं. शेवटची ओळ कोण बोलणार हे कुणी ठरवायला तयार नव्हतं. दोघी बहिणी म्हणाल्या, आमच्याच्याने होणार नाही. टॉम म्हणाला, बाईची ओळ आहे, मी कसा बोलू? मोरीन म्हणाली, वेळ येईल तेव्हा बघू.

वेळ आली आणि मोरीनला ती बोलता आली नाही. तिने नुसती मान खाली घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय माहीत! पुढच्या गावी पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या गावीही. गाणं आपलं दर ठिकाणी उघडंच राहायचं.

आणि व्हॅन गार! बाहेर बर्फ, आत आम्ही सगळे कुडकुडतोय, टॉम खोकतोय. दुसऱ्या गावात मी न राहवून म्हटलं, "दादा, अरे हीटर?"

तो म्हणाला, "ओळ झाली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ओळ झाली की मी निघतो. ओळ झालीच नाही तर कसा निघणार?"

वहिनी, हा माणूस इतकी वर्षं दाराशी उभा राहून त्या ओळीची वाट बघायचा! आपण समजत होतो तो घड्याळाकडे बघून जातो.

शेवटचा कार्यक्रम पेन्सिल्व्हेनियातल्या एका जुन्या खाणीच्या गावात होता. शुक्रवारची दुपार. चर्चच्या तळघरातला हॉल, एका कोपऱ्यात सूपचं भांडं उकळतंय, समोर बहुतेक म्हातारी माणसं, कोट न काढता बसलेली. मी मागे दादाजवळ उभा होतो. मोरीनने तुमचं गाणं छान म्हटलं. तुमच्याइतकं नाही. हे मी तुम्ही नाही आहात म्हणून म्हणत नाही, तुम्ही ती दुसऱ्या कडव्यातली हरकत जरा आपल्याकडची घ्यायचात, ती कुणाला येणार? टॉमने तिचा हात धरला होता. शेवट आला. ती थांबली. टॉमचा हातही थांबला. सूपच्या भांड्याचं झाकण तेवढं वाजत होतं.

आणि माझ्या शेजारून दादा बोलला.

आयरिशमध्ये, वहिनी! अख्खी ओळ. गाऊन नाही, बोलून. सूर नाही, भाव नाही, वरिष्ठांना व्हॉल्व्ह बंद केल्याचं कळवावं तशी. आणि खास आपला कोकणस्थी उच्चार, प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. सगळा हॉल मागे वळला. दादाने कुणाकडे पाहिलं नाही. टोपी घातली आणि हीटर लावायला निघून गेला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा व्हॅन गरम होती. सगळे आत बसले. मोरीन खिडकीकडे तोंड करून रडत होती. पहिला बोलला टॉम. म्हणाला, "उच्चार आमच्या पाद्र्यापेक्षा बरा आहे."

"थँक यू," दादा म्हणाला.

मोरीन नाक पुसत म्हणाली, "आता तू मंडळीत आलास. आता सुटका नाही."

"नो नो. आय अ‍ॅम ओन्ली ड्रायव्हर."

हायवेला लागलो. बऱ्याच वेळाने दादाने, रस्त्यावरची नजर न काढता, मला मराठीत विचारलं, "सदा, मी काय म्हटलं रे?"

मला हसू आलं आणि ते फार वेळ हसू राहिलं नाही. मी म्हटलं, "दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही."

एक अख्खं गाव मागे गेलं. मग म्हणाला, "कडी घालायची विसरायचीच ती. मागच्या दाराची. रोज मीच घालायचो."

वहिनी, मंडळींचं जाऊ द्या, संस्कृतात आमच्याकडे भाष्यांचे ढीग आहेत. एका ओळीवर एवढं चांगलं भाष्य माझ्या वाचनात नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर व्हॅनच्या काचेतला पुठ्ठा नव्हता. मी विचारलं. म्हणाला, "सव्वा लाख मैल झालेत. कोण घेणार?" मोरीनला मी फोनवर सांगितलं तर ती आनंदाने ओरडलीच. म्हणाली, "जमलं, सदा! मे महिन्यात आम्हाला बॉस्टनला जायचंय, त्याला सांग." मी सांगितलं. दादा म्हणाला, "ऑइल बदलायला लागेल." म्हणजे येणार.

तर व्हॅन राहिली. मंडळी राहिली. तुमचं गाणं पूर्ण झालं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून इथेच थांबावं असं मनात होतं. पण तुमच्यापुढे मला कधी धड लपवता आलं नाही, आता कुठून येणार?

काल रविवार होता. निखिलचा फोन आला, तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून. तुमचा मुलगा चांगला आहे हो, न चुकता करतो. मी पलीकडच्या खोलीत होतो. "हाय बाबा. यू ओके?" असं तो म्हणाला असणार, कारण दादा म्हणाला, "ओके." मग "यस, यस." मग "यू टेक केअर." फोन खाली. मी म्हटलं, "अरे, काही सांगितलं नाहीस त्याला? तू ओळ बोललास ते?" दादा म्हणाला, "त्याला काय इंटरेस्ट?" आणि पेपर उघडला. निखिलला इंटरेस्ट होता, वहिनी. मी नंतर त्याला फोन करून सगळं सांगितलं, तर त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "काका, व्हाय डिडन्ट ही टेल मी?" यावर काय सांगू? बापाकडे इंग्रजीत फक्त कामाचे शब्द आहेत, आणि मुलाकडे मराठीत फक्त जेवणाचे. मधलं सगळं इतकी वर्षं तुम्ही बोलत होतात. याचं त्याला आणि त्याचं याला.

तेव्हा तुम्हाला वचन देतो. बॉस्टनच्या दौऱ्याला मी येईन, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दौऱ्याला, गुडघे पोटाशी घेऊन. रोज संध्याकाळी दादाला फोन करीन आणि मराठीत बोलीन, फोनचं बिल कितीही येवो. पुढच्या वर्षी इकडे न्यू जर्सीत एखाद्या कॉलेजात जागा मिळते का तेही बघतोय. संस्कृत शिकायला इथेही कुणी येणार नाही, म्हणजे कामाचा भार सारखाच. निखिललाही उन्हाळ्यात बोलावून घेतो.

एवढं सगळं करीन. तरी मला झोप लागत नाही, कारण मला भीती वाटते. परवा मी गेलो की या घरात बोलायला कुणी नसेल. दादा हळूहळू गप्प होत जाईल. कुणाला त्रास न देता, तक्रार न करता, त्याच्या पद्धतीने. फोनवर तो मला "सगळं ठीक आहे" म्हणेल, आणि ते खरं आहे की नाही हे मला ओळखता येणार नाही. तुम्हाला यायचं.

तुमचा
सदाशिव